आम्ही त्यांचा परदेश

ऑक्टोबर आला की आमच्या शाळेत खिडक्यांवरून भांडण सुरू होतं. उघड्या ठेवल्या तर सुकत्या बोंबलांचा वास येतो, लावल्या तर जीव उकडून निघतो. शाळा अंधेरी पश्चिमेला, कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. अकराच्या सुमाराला वारा समुद्राकडून वाहू लागतो आणि तो वास थेट नववीच्या वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसतो. मी या शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्यातली पंचवीस-सव्वीस वर्षं अकरा वाजले की मी म्हणायचे, "खिडक्या लावा रे." आता म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगायला आजचा दिवस बरा आहे, कारण कालच पत्र आलंय आणि त्याचं उत्तर मला उद्यापर्यंत द्यायचं आहे.

पत्र भाषा-विनिमयाचे उपक्रम चालवणाऱ्या एका संस्थेचं आहे, आणि गोड आहे. आमच्या शाळेशी पुन्हा एकदा हातमिळवणी करायला संस्थेला आनंद वाटतो आहे. आनंद व्यक्त करून झाल्यावर खाली एक ओळ आहे: ऑनलाइन भाषा-विनिमय उपक्रमासाठी, प्रमाण मराठी अस्खलित बोलणाऱ्या चार विद्यार्थ्यांची नावे कळवावीत. मागच्या वर्षीही हीच ओळ आली होती, स्वल्पविरामासकट. सोबत एक तक्ता आहे. नाव, इयत्ता, आणि तिसरा रकाना: घरी बोलली जाणारी भाषा.

मागच्या वर्षी याच दिवसांत हे सगळं सुरू झालं. पोलंडमधल्या एका विद्यापीठात सात मुलंमुली मराठी शिकतात, त्यांना बोलायला कोणीतरी हवं आहे, असं या संस्थेच्या समन्वयक बाईंनी आम्हाला कळवलं. आमच्या मुख्याध्यापकांना आधी खरंच वाटेना. आमच्याकडे मराठी माध्यमाची पटसंख्या वर्षागणिक घसरते आहे, नववीची एकच तुकडी उरली आहे, तिच्यात एकतीस मुलं. शेजारच्या टॉवरमधली मराठी आईबापं मुलांना आमच्या फाटकावरून पुढे इंग्रजी शाळेत घेऊन जातात. आणि तिकडे बर्फाच्या देशात कोणी सात जण पहाटे उठून आपली भाषा घोकताहेत. दर बुधवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे त्यांच्या सकाळी साडेआठला, पडद्यावर भेटायचं ठरलं. मी वर्गात सांगितलं की परदेशातले विद्यार्थी परदेशातल्या वर्गाशी बोलणार आहेत. मुलांना ते नीट उमगलं नाही. मागच्या खिडकीजवळच्या बाकावरून भाविका म्हणाली, "म्हंजे बाई, आपन त्यांचं फॉरेन?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं. मी मुलुंडला राहते, दोन बस बदलून येते-जाते. आरे कॉलनीतून बस चालली की तबेल्यांचा वास आत शिरतो आणि कोणीही खिडकी लावत नाही, कारण त्या वासाचं आपण दूध पितो. बोंबलाच्या वासाविरुद्ध मात्र आमच्या शेजारच्या टॉवरने दोनदा अर्ज केलेत. टॉवर आला दहा वर्षांपूर्वी. बोंबील कधीपासून सुकताहेत ते कोळीवाड्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही सांगता येणार नाही. पण अर्ज बोंबलाविरुद्ध. तेव्हा मला यात काही वावगं दिसत नव्हतं. अर्जावर सही नसली, तरी खिडकी मीच लावत होते.

पहिल्या बुधवारची तयारी मी लग्नघरासारखी केली. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्टर, इंटरनेट माझ्या फोनवरून, फळ्यावर रांगोळीच्या नक्षीत ‘सुस्वागतम्’. मुलांना संवाद लिहून दिले. ‘मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे. आमच्या शहरात विविध सण उत्साहाने साजरे होतात.’ आठ दिवस घोकून घेतलं. पडदा उजळला, सात गोरे चेहरे एका सुरात "नमस्कार" म्हणाले, आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की त्यांचीही तशीच तयारी झालेली आहे. त्यांचं पाठ्यपुस्तक कुठल्या जमान्यातलं होतं कोण जाणे. अगाता नावाची चष्मेवाली मुलगी अतिशय शुद्ध उच्चारात म्हणाली, "आपल्याला भेटून मी अत्यंत आनंदित आहे. स्थानकावरून आपल्या शाळेत येण्यासाठी टांगा मिळतो का?" आमची मुलं माझ्याकडे बघू लागली. अर्ध्यांना टांगा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. इकडचं पाठांतर तिकडच्या पाठांतराशी बोलत होतं आणि दोन्हीकडचे मास्तर समाधानाने माना डोलावत होते.

मग अगाताने वहीतला पुढचा प्रश्न वाचला. आपण सकाळी काय करता? हा आमच्या संवादात नव्हता.  भाविकाने माईक ओढून घेतला आणि म्हणाली, "सकाली आयेसंगती बंदरावर जायाचं. म्हावरं निवडाचं, बोंबील वालत घालाचं, मंग शालेन यायाचं."

मुलं फिसफिसली. आणि मी, सव्वीस वर्षं हातात लाल पेन धरलेली बाई, पडद्यावरच्या सात परक्या माणसांसमोर म्हणाले, "सकाळी, भाविका. शाळेत." आवाज चढवला नव्हता, प्रेमानेच म्हणाले. अशा गोष्टी आम्ही मास्तर लोक प्रेमानेच करतो. भाविकाने माईक खाली ठेवला आणि तास संपेपर्यंत पुन्हा उचलला नाही.

हे सगळं संस्थेने रेकॉर्ड केलेलं होतं. आणखी दोन बुधवार झाले आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर समन्वयक बाईंचा फोन आला. मुलं गोड आहेत हो, म्हणाल्या, पण पाहुणे प्रमाण भाषा शिकताहेत, त्यांच्या कानावर काय पडतं याची जबाबदारी आपली आहे. चार मुलं निवडा, बाकीच्यांना मागे श्रोते म्हणून बसवा. पाठोपाठ पत्र. मी पाच मिनिटांत यादी केली. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. ऐकून ऐकून सुधारतील, असं स्वतःलाच समजावलं आणि वर्गात जाऊन चार नावं वाचून दाखवली. भाविकाने खाली मान घालून वहीत काहीतरी रेघोट्या मारल्या.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. रुसवा नव्हता तो. रुसवा मला ओळखू येतो. प्रश्न विचारला की उठायची, उत्तर येत असायचं, तोंड उघडायचं आणि मिटायचं. धडा वाचायला सांगितला तर ओठांतल्या ओठांत वाचायची. आधी हीच मुलगी मधल्या सुट्टीत मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारायची.

सुट्टी लागायच्या आधल्या दिवशी पालक यायचे असतात. भाविकाची आई मासळीबाजारातून तशीच आली होती, पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवून. निकालपत्रकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, पोरीला काय सांगितलं तुमी? घरान बोलत नाय ती. म्हनते, आपलं बोलनं घान हाय."

मी काहीबाही उत्तर दिलं. ती ऐकून घेत होती. मग तिने मला सांगितलं की भाविका हल्ली तिच्या आजीशी पुस्तकातलं बोलते. ‘आजी, आपण जेवलात का?’ असं विचारते. आजी पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी तिने सुनेला विचारलं, पोर माझ्यावर रागावली आहे का गं. तिसऱ्या दिवशी म्हातारी जेवलीच नाही. हे सांगताना त्या बाईच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली. मी तिथेच बसून राहिले, समोर एकतीस निकालपत्रकं, प्रत्येकावर माझ्या हातचे शुद्धलेखनाचे गुण.

त्या दिवाळीत मला माझी आई आठवत राहिली, ती जिवंत असून. ती देवगडला असते. आठवड्यातून दोनदा तिचा फोन येतो आणि तो घ्यायला मी शिक्षकखोलीतून बाहेर, जिन्याखाली जाते. का? तर तिच्याशी मी मालवणी बोलते. पाचवीत मला मुंबईला आणलं आणि वडील कामाला होते त्या गिरणीजवळच्या शाळेत माझं नाव घातलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी ‘माका’ म्हणाले आणि वर्ग हसला. बाईंनी प्रेमानेच दुरुस्त केलं. वर्षभरात माझ्या जिभेवरून सगळं मालवण पुसलं गेलं आणि मी वक्तृत्वात पहिली आले. तेवढ्या एका बक्षिसावर मी आयुष्यभर जगले. माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलांच्या तोंडातून मी काय काय काढून घेतलं असेल, याचा हिशोब लागणार नाही, आणि मी लावणारही नाही. रडत बसायची माझी पद्धत नाही.

सुट्टीनंतरचा पहिला बुधवार. चार निवडक मुलं इस्त्रीच्या गणवेशात पुढे, बाकीचे श्रोते मागे. बारा वाजले. पडदा काळा. सव्वाबारा झाले. मी फोन हलवून पाहिला, तार काढून लावली, समन्वयक बाईंना दोनदा फोन केला, तो लागला नाही. साडेबाराला शाळा सुटते. पुढच्या चौघांना शिकवणीची घाई, त्यांच्या गाड्या फाटकात हॉर्न देत होत्या. ती गेली. श्रोतेही पांगले. खुर्च्या उचलायला म्हणून नऊ मुलं उरली, सगळी चालत घरी जाणारी, सगळी मागच्या बाकांवरची. भाविका तार गुंडाळत होती. त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "वाट लागली बाई, सोडलं त्यांनी आपल्याला." कोणी त्याला खोडून काढलं नाही. आपलं बोलणं ऐकून ते लोक कंटाळले, ही गोष्ट त्या नऊ जणांनी किती सहज मान्य केली, ते मी उभी राहून पाहत होते. कोणी येणार नाही म्हटल्यावर मी प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडल्या. वास आला. येऊ दे म्हटलं.

एक वाजता पडदा वाजायला लागला.

सातही जण हजर, केस विंचरलेले, हसतमुख. अगाता म्हणाली, "नमस्कार, आम्ही वेळेवर आहोत." मी म्हटलं, तासभर उशीर झालाय. तिकडे गोंधळ उडाला. मग त्यांच्या प्राध्यापकांनी सावकाश समजावलं की ऑक्टोबरअखेर त्यांच्या देशातली सगळी घड्याळं एक तास मागे करतात, हिवाळ्यासाठी. संस्थेला त्यांनी तसं कळवलं होतं. संस्थेने आम्हाला कळवलं नव्हतं, आणि मुंबईत जन्म काढलेल्या बाईला हे सुचावं तरी कसं? आमच्याकडे माणसं उशिरा येतात, घड्याळ येत नाही. भाविका इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली, स्वतःशीच. "सगल्यांचं घड्याल? कोन फिरवतं?"

अगाताने आवाज ओळखला. पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "भाविका कुठे आहे? गेल्या वेळी ती बोलली नाही. मी तिच्यासाठी अकरा प्रश्न लिहिले आहेत. ती जे म्हणाली, ते आमच्या पुस्तकात नाही."

‘पुस्तकात नाही’ हे शब्द मी आयुष्यभर दोष म्हणून उच्चारले होते. ही पोरगी ते भूक लागल्यासारखे उच्चारत होती. निवडलेली मुलं घरी गेली आहेत, पुढच्या बुधवारी भेटू, असं म्हणायची मला मुभा होती. नियमाने तेच म्हणायला हवं होतं. मी खुर्ची ओढली आणि भाविकाला बसायला सांगितलं.

ती बसली. पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. "कसं बोलू, बाई?"

"आजीशी बोलायचीस तसं. आधी."

तिने गुंडाळलेली तार खाली ठेवली.  मग तिने दोन्ही हात पुढे धरले, एका हाताची दोन बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवली आणि ती बोटं कॅमेऱ्याला दाखवली. "दोन बोंबील घ्याचं. याचं तोंड त्याचे तोंडान अडकवाचं. अशी जोडी करून दोरीवर टाकाची. मंग सुटत नाय, वारा कवरा पन येऊ दे."

बोंबील असेच सुकवतात. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून, बांबूंना बांधलेल्या दोरीवर. मी त्या रस्त्याने हजारदा गेले असेन, नाकाला पदर लावून. कधी थांबून पाहिलं नव्हतं. पडद्यावर सात जणांनी आपापली बोटं अडकवून पाहिली. प्राध्यापकांनीही. एकाची निसटली तर आमच्या नऊही जणांनी त्याला एकदम सांगायला सुरुवात केली, कोणी कोळी बोलीत, कोणी मुंबईच्या रोखठोक मराठीत. अगाताचे अकरा प्रश्न संपले तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्या दिवशी भाविका घरी पळत गेली, म्हणजे अक्षरशः पळत, दप्तर विसरून.

दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंचा फोन लागला. वेळेबद्दल दिलगिरी होती. पण रेकॉर्डिंग पाहून त्यांना धक्का बसला होता. यादीप्रमाणे का झालं नाही? प्रमाण मराठीचं काय? मी विचारलं, पोलंडच्या लोकांनी तक्रार केलीय का. नाही, त्यांची काही तक्रार नाही, पण आपणच दर्जा राखायला नको का, असं त्या म्हणाल्या. म्हणजे सात समुद्रांपलीकडच्या माणसांना जे चाललं, ते आमच्या आम्हालाच चालत नव्हतं. मी म्हटलं, यादी बदलून पाठवते. आणि नववीच्या हजेरीपटाची छायाप्रत पाठवली. एकतीस नावं, अनुक्रमांकासह.

परिणाम व्हायचा तो झाला. संस्थेने आमची शाळा उपक्रमातून वगळली, प्रमाणपत्रं मिळाली नाहीत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं की एवढं ताणायची गरज होती का. मी म्हटलं, होती. ते भले गृहस्थ आहेत. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच राहू दिली त्यांनी. पोलंडच्या प्राध्यापकांनी स्वतः दुवा पाठवला आणि बुधवार चालू राहिले, दुपारी एक वाजता, थांबतील त्यांच्यासाठी. डिसेंबरपर्यंत तेवीस जण थांबायला लागले. निवडलेल्या चौघांपैकी दोन मुली शिकवणी बुडवून यायच्या, त्यांतली एक तर घरी आगरी बोलणारी निघाली. इतके दिवस माझ्यापासून लपवलं होतं तिने.

नाताळच्या आधीच्या बुधवारी आम्ही फोन घेऊन थेट बंदरावर गेलो. दोऱ्यांवर बोंबलांच्या रांगा, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. भाविकाची आजी बोंबील पालथे करत होती. तिने हात पुसून फोनमध्ये डोकावलं आणि अगाताला विचारलं, "जेवलीस का गो?" अगाता म्हणाली, "होय आजी, मी न्याहारी केली आहे." म्हातारीने नातीकडे पाहिलं, की ही पण तुझ्यासारखीच बोलते का गं, आणि भाविका खो-खो हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा उपक्रमांतून शाळा वगळून घेतली असती.

मग भाविकाने फोन एकेकाकडे फिरवला. ज्याने त्याने आपल्या घरचं बोलायचं, असा तिने खेळ लावला होता. फिरवत फिरवत फोन माझ्यासमोर आला. "आता बाई. तुमचं बोला."

मी म्हटलं, मी बोलतेच की. ती म्हणाली, "हे नाय. जिन्याखाली बोलता ते."

म्हणजे ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असणार. तेवीस मुलं, सात परदेशी, एक म्हातारी, आणि मी मराठीची बाई.  पाचवीतल्या त्या वर्गात पुन्हा उभी राहिल्यासारखं वाटलं. तरी बोलले. "मी देवगडची. माका ह्याच बोलाक येता. मगे ता मी शाळेत घालवलंय." आवाज माझ्याच कानाला अनोळखी लागला, आईचा वाटला. कोणी हसलं नाही. कोणी दुरुस्त केलं नाही. अगाता तिकडे भराभर लिहून घेत होती.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे, भाविका दहावीत गेली आहे आणि वर्गात नवी नववी बसते. आईचा फोन मी हल्ली शिक्षकखोलीतच घेते. पहिले काही दिवस सहकारी चमकून बघायचे, आता त्यांना तिच्या गुडघेदुखीचीही खबर असते. प्रमाण मराठी मी आजही शिकवते, कसून शिकवते, लाल पेन अजून टेबलावर आहे. परीक्षेला ती लागते, अर्ज लिहायला लागते, आणि टॉवरच्या अर्जाला उत्तर द्यायलाही लागते. पण ती दारात उभं राहून कोण आत यायचं ते ठरवणार नाही. निदान माझ्या वर्गात तरी नाही.

आम्हाला वगळलेल्या संस्थेने यंदा काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पत्र धाडलंय, आणि त्यातला तक्ता समोर आहे. चार ओळींचा आहे, म्हणून खाली जादा कागद जोडला. नव्या नववीत अठ्ठावीस मुलं आहेत. आज तिसऱ्या तासाला प्रत्येकाला विचारून तिसरा रकाना भरला. कोळी, मालवणी, आगरी, वऱ्हाडी, दोघांची भोजपुरी, एकीची कानडी. तीन मुलांनी ‘साधी’ असं सांगितलं, तर तसंच लिहिलं. अकरा वाजले, वारा फिरला, पहिल्या बाकावरच्या मुलाने सवयीने खिडकीकडे हात नेला आणि मी त्याला बस म्हटलं. मग तक्त्यात एकोणतिसावी ओळ आखली. नावाच्या रकान्यात माझं नाव घातलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, मालवणी.